निनावी शस्त्र : भिलाईतील एका हत्येच्या निमित्ताने

शस्त्र आणि समाज यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून होतो. एका पक्षाचे म्हणणे असे की शस्त्र हे केवळ साधन आहे. मारणारा माणूस असतो, आणि त्याच्या मनातील द्वेष वा लोभ नाहीसा केल्यावाचून साधन हिरावून घेणे व्यर्थ होय. दुसरा पक्ष सर्व अनर्थाचे मूळ साधनातच शोधतो. हा वाद मुख्यतः अमेरिकेतील चर्चेतून आपल्याकडे आला आहे. तेथे १७९१ च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केलेला असल्यामुळे वादाचे स्वरूपही हक्काच्या भाषेत ठरून गेले. भारतात असा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना नेमका हाच फरक नोंदवला. तेव्हा भारतापुरता प्रश्न नागरिकाच्या हक्काचा नसून, ज्या शस्त्राला ना क्रमांक, ना परवाना, ना कारागिराची खूण, अशा शस्त्राच्या सुलभतेचा आहे. त्याचा अर्थ काय होतो, हे भिलाईतील एका पहाटेने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच कशाने केले असेल.

२८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीतील एका घरात शंकर गुहा नियोगी झोपले असताना उघड्या खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. हत्यार होते देशी बनावटीचे पिस्तूल, म्हणजे हिंदी मुलखात ज्याला ‘कट्टा’ म्हणतात ते. नियोगी मूळचे बंगालचे. तरुणपणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते नोकरीस लागले आणि पुढे दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणींत कंत्राटी मजुरांचे नेते झाले. १९७७ साली तेथे उभ्या राहिलेल्या श्रमिक संघाने मजुरीचा लढा तर दिलाच, पण मजुरी ज्या दारूत वाहून जात होती त्या दारूविरुद्धही मोहीम उघडली. मजुरांच्याच पैशातून आणि श्रमातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे राहिले. संघर्ष आणि निर्माण ही दोन्ही कामे एकाच संघटनेने करावीत, हा नियोगींच्या विचाराचा गाभा होता. १९९० पासून त्यांनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना कायम करावे आणि जगण्यापुरते वेतन द्यावे या मागणीसाठी चळवळ सुरू केली. सप्टेंबर १९९१ मध्ये ते कामगारांसह दिल्लीस गेले आणि त्यांनी राष्ट्रपतींना निवेदन दिले. आपल्या जिवास धोका आहे हे त्यांना ठाऊक होते. तसे ते एका ध्वनिफितीत बोलून ठेवून गेले. दिल्लीहून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा खून झाला.

या खटल्याचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. १९९७ साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने पलटन मल्लाह यास फाशीची आणि दोन उद्योगपतींसह इतर पाच जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २००५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एकट्या पलटन मल्लाहला दोषी ठरवून जन्मठेप दिली. कटाचा आरोप सिद्ध न झाल्यामुळे इतरांची मुक्तता कायम राहिली. न्यायालयाचा निर्णय हा निर्णय आहे, आणि जे सिद्ध झाले नाही ते कोणाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणासही नाही. पण त्या निर्णयानंतर उरलेले चित्र विलक्षण आहे. उत्तर प्रदेशातून आलेला एक माणूस, ज्याचे छत्तीसगडच्या खाणमजुरांशी कसलेही वैर असल्याचे दिसत नाही, तो एका कामगारनेत्याच्या खिडकीपाशी येतो, गोळी झाडतो आणि निघून जातो. चौदा वर्षांच्या न्यायप्रक्रियेनंतर हाती लागतो तो फक्त घोडा ओढणारा हात. हात आणि हेतू यांच्यामध्ये जी पोकळी पडली आहे, तीच या शस्त्राची खरी निर्मिती होय.

साधनाला दुय्यम मानणारा पक्ष नेमकी हीच गोष्ट विसरतो. साधन कृत्याचे स्वरूप बदलते. ५ जून १९७० रोजी मुंबईत लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून धारदार शस्त्रांनी झाला. त्यासाठी अनेकांना एकत्र यावे लागले, जवळ यावे लागले. सुरा चालवणाऱ्यास समोरच्याचा चेहरा पाहावा लागतो, त्याचा प्रतिकार सोसावा लागतो, अंगावर रक्त घ्यावे लागते, आणि म्हणून तेथे बहुधा काही तरी वैर, काही तरी उन्माद असावा लागतो. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत दत्ता सामंत यांच्यावर झालेला हल्ला पिस्तुलांचा होता. गिरणी संपाचा हा नेता आणि भिलाईचा नियोगी यांच्या राजकारणात अंतर पुष्कळ होते. मृत्यूची रीत मात्र एकच झाली. त्या खटल्यातही कटाचा आरोप असलेल्या प्रमुख आरोपीची २०२३ साली पुराव्याअभावी मुक्तता झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडण्यात आल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि कटाच्या आरोपातील तिघांना सोडले. तीन शहरे, तीन भिन्न कारणे, तीन स्वतंत्र न्यायप्रक्रिया. पण नोंदीचा आकार सारखाच. सुरा मारणाऱ्यापर्यंत पोहोचलेला तपास पुष्कळदा त्याच्या वैरापर्यंत पोहोचतो. पिस्तूल झाडणाऱ्यापर्यंत पोहोचलेला तपास तेथेच अडखळतो, कारण त्याला स्वतःचे वैर असावे लागत नाही.

हे स्थित्यंतर भाषेने फार पूर्वीच टिपून ठेवले आहे. मराठीत ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार आहे. दरबारात विडा ठेवला जाई आणि जो तो उचली, तो सर्वांदेखत स्वतःच्या नावाने एक कार्य पत्करी. विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलल्याचे वर्णन बखरींत आणि पोवाड्यांत येते, ते याच अर्थाने. हेतू, कर्ता आणि साक्षीदार तेथे एकाच ठिकाणी असतात. विड्यातीलच एक घटक म्हणजे सुपारी. लग्न ठरले की सुपारी फुटते. वाजंत्री, गोंधळी किंवा तमाशाचा फड ठरवायचा तर सुपारी दिली जाते. शुभकार्याच्या निमंत्रणाचा आणि कलावंताशी झालेल्या कराराचा हा शब्द गेल्या काही दशकांत मुंबईच्या गुन्हेगारी जगाने उचलला. आज ‘सुपारी’ म्हटल्यावर पहिला अर्थ खुनाचा मनात येतो. विड्याची सुपारी झाली, म्हणजे जाहीर जबाबदारीचा खाजगी व्यवहार झाला. देणारा अदृश्य, घेणारा परका, आणि ज्याच्यासाठी दिली त्याला शेवटपर्यंत काही कळू नये, अशी त्याची रचना आहे. स्वस्त आणि निनावी शस्त्र उपलब्ध नसते तर या शब्दाचा असा अर्थपालट इतका सहज झाला नसता.

शस्त्रवाचक शब्दांचाही थोडा विचार येथे उपयुक्त ठरेल. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘तोफ’ आणि ‘तमंचा’ तुर्कीतून, ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधाचा. मराठीत तो मद्यालाही लागला आणि स्फोटक भुकटीलाही. नियोगींनी ज्या दारूशी झुंज दिली ती पहिली. ज्या दारूने त्यांचा अंत केला ती दुसरी. परकीय असूनही या साऱ्या शब्दांना मराठीत एक प्रतिष्ठा लाभली, कारण त्या काळी शस्त्राला नाव असे. शिवाजीमहाराजांच्या तलवारीचे नाव घरोघरी ठाऊक आहे; विजापूरच्या ‘मलिक-ए-मैदान’ला आणि जंजिऱ्याच्या ‘कलालबांगडी’लाही नाव आहे. नाव असणे म्हणजे कोणी तरी त्याचा जबाब देण्यास बांधलेले असणे. कट्ट्याला असे काही नाही. पाण्याचा किंवा मोटारीच्या सुकाणूचा पाइप कापून, एखाद्या आडगावच्या लेथवर तो तयार होतो आणि काम झाल्यावर नदीत फेकून दिला जातो. मराठीत ‘कट्टा’ म्हणजे चार माणसांनी संध्याकाळी बसून बोलण्याची जागा. नागपूर ओलांडून पूर्वेस गेले की तोच उच्चार मृत्यूच्या साधनाचा होतो. शेजारच्या दोन भाषांतील हा योगायोग असेल, परंतु जेथे बोलणे संपवायचे असते तेथेच दुसरा कट्टा निघतो, हे भिलाईच्या बाबतीत तरी खरे ठरले.

अर्थात या विचारास एक गंभीर हरकत घेतली जाईल आणि ती टाळून चालणार नाही. शस्त्रबंदी ही भारतात परकीय सत्तेची देणगी आहे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले : एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घातली, दुसऱ्याने भारतीयांच्या शस्त्रांवर. पहिल्यातून इंग्रजी वृत्तपत्रे वगळली होती, दुसऱ्यातून युरोपीय लोक. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांस पहिला कायदा चांगला परिचित आहे. दुसरा त्याचा जुळा भाऊ होता याचे स्मरण मात्र फारसे ठेवले जात नाही. लेखणी आणि शस्त्र ही दोन्ही जिताच्या हाती नकोत, ही एकच दृष्टी दोहोंमागे होती. लॉर्ड रिपन यांच्या काळात पहिला कायदा रद्द झाला. दुसरा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला आणि त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. शस्त्रबंदी हा राष्ट्राचा अपमान आहे ही भावना काँग्रेसच्या आरंभीच्या ठरावांत दिसते, आणि १९१८ साली गांधीजींनीही तिला शब्द दिले होते.

या अपमानाच्या जाणिवेतूनच मराठी मनात पिस्तुलाला एक वलय प्राप्त झाले. २२ जून १८९७ रोजी पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर. नाशिकचे पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. ही माणसे कोणाची सुपारी घेऊन आली नव्हती आणि त्यांनी आपल्या कृत्याचे मोल फासावर चुकते केले, हे इतिहासाने मान्य केलेच पाहिजे. पण वलय शस्त्राला चिकटले की ते हेतूची निवड करीत नाही. त्याच परंपरेचे नाव घेत ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या खटल्यातील एक तपशील प्रस्तुत विषयास फार महत्त्वाचा आहे. २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नापूर्वी कटवाल्यांनी जवळच्या दोन हत्यारांची चाचणी घेतली आणि ती दोन्ही बेभरवशाची ठरली, असे माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत आहे. हेतू होता, माणसे होती, पैसा होता. कामाचे शस्त्र नव्हते. २८ जानेवारीस ग्वाल्हेरात एक बेरेटा पिस्तूल हाती आले आणि दोन दिवसांत जे व्हायचे ते होऊन गेले. शस्त्राची उपलब्धता ही गौण बाब आहे असे म्हणणाऱ्याने या दहा दिवसांचा विचार करावा.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. निनावी शस्त्राची निंदा करताना परवानाधारक शस्त्राचे, विशेषतः राज्यसंस्थेच्या शस्त्राचे काय? दल्ली-राजहरात २ आणि ३ जून १९७७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा मजूर मारले गेले. नियोगींच्या खुनानंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात सोळा कामगार गेले. नियोगींना मारणाऱ्या हत्याराला क्रमांक नव्हता. या कामगारांना मारणाऱ्या प्रत्येक बंदुकीला क्रमांक होता. पुढे बस्तरमध्ये २००५ नंतर सलवा जुडूमच्या काळात राज्याने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवून त्या बंदुका परत घेण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून त्या तरुणांना साहाय्यक सशस्त्र दलात सामावून घेतले. दुसऱ्या बाजूस माओवाद्यांनी पोलिसांच्या ठाण्यांवर आणि तुकड्यांवर हल्ले करून जी शस्त्रे नेली, ती मुळात सरकारचीच होती. म्हणजे ज्या प्रदेशात भिलाईचे पोलाद तयार होते, त्या प्रदेशात बंदूक तीन वाटांनी येते : गुन्हेगाराच्या लेथवरून, राज्याच्या कोठारातून आणि त्या कोठाराच्या लुटीतून. यांपैकी एकच वाट बंद करू पाहणारा विचार अपुरा आहे.

परंतु या हरकतीवरून निघणारा निष्कर्ष शस्त्र सर्वांना मोकळे करावे असा नव्हे. तो बरोबर उलट आहे. क्रमांक असणे पुरेसे नसते, त्या क्रमांकाचा जबाब मागितला गेला पाहिजे. कट्टा निनावी असतो म्हणून त्याचा जबाब मागता येत नाही. सरकारी बंदुकीचा जबाब मागता येतो, पण मागितला जात नाही. पहिले कारागिरीचे निनावीपण आहे, दुसरे सत्तेचे. मरणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंत फरक उरत नाही. ज्या समाजाला पहिल्याचा बंदोबस्त करायचा आहे त्याने दुसऱ्याकडे डोळेझाक केली, तर शस्त्रबंदी ही पुन्हा एकदा दुर्बळांनाच निःशस्त्र करण्याची युक्ती ठरते, आणि १८७८ चा आक्षेप जसाच्या तसा जिवंत होतो.

प्रतिष्ठेचा प्रश्नही येथे येतो. उत्तर आणि मध्य भारताच्या मोठ्या भागात खांद्यावरची बंदूक हे संरक्षणाचे साधन कमी आणि पुरुषार्थाचे चिन्ह अधिक आहे. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली, नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीचा परवाना लवकर मिळेल अशी योजना प्रशासनाने आखली होती. गेलेल्या पौरुषाची भरपाई बंदुकीने होईल, असा तिच्यामागचा हिशेब होता. विनोदी वाटणारी ही योजना खरे तर एका सामाजिक निदानाची नोंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली, आणि लग्नावरातीत हवेत गोळ्या झाडण्यालाही शिक्षा ठरवावी लागली. कायदा ज्या गोष्टीला गुन्हा म्हणतो तिला वऱ्हाडी मंडळी शोभा म्हणत असतील, तर तो कायदा कागदावरच राहतो. या ठिकाणी साहित्याचे, चित्रपटाचे आणि लोकगीतांचे उत्तरदायित्व सुरू होते.

उपायांची दिशा यावरूनच ठरते. आडगावचा लेथ शोधणे अवघड आहे, कारण तोच लेथ शेतीची अवजारेही दुरुस्त करतो. काडतुसाचे तसे नाही. कट्टा झोपडीत होतो. काडतूस बहुधा कारखान्यात बनलेले असते आणि परवानाधारक दुकानातून किंवा सरकारी साठ्यातून गळून त्या झोपडीपर्यंत पोहोचते. निनावी शस्त्राच्या पोटात जाणारी वस्तू अशा रीतीने पूर्णपणे निनावी नसते. विकल्या गेलेल्या आणि वापरल्या गेलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब कसोशीने घेतला गेला, तर पाइपाचा तुकडा हा पाइपाचा तुकडाच राहील. त्याच हिशेबाच्या वहीत पोलिसांनी झाडलेल्या गोळीसाठीही एक रकाना असला पाहिजे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाचा या सर्वांशी काय संबंध, असे कोणी विचारील. याचे एक उत्तर धारवाडने दिले आहे. ३० ऑगस्ट २०१५ रोजी तेथे एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालण्यात आल्या. वचनसाहित्याचा हा संशोधक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचा माजी कुलगुरू, हस्तलिखितांत आयुष्य घालवलेला माणूस होता. कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हल्ला झाला होता. त्यांचे शिवाजीमहाराजांवरील छोटे पुस्तक महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले आहे. पाठभेदावरचा वाद पाठभेदाने मिटवायचा असतो ही विद्वत्तेची पहिली अट आहे. जेथे पिस्तूल सहज मिळते तेथे ही अट कोणासही मोडता येते, आणि मोडणाऱ्यास ते पुस्तक वाचलेले असावे लागत नाही.

दुसरे उत्तर भिलाईच्या शेजारीच आहे. तेथून जवळ असलेल्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून आपल्या अखेरच्या वर्षांत अध्यापन करीत होते. घरी मराठी बोलणाऱ्या या हिंदी कवीच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत मध्यरात्रीची एक मिरवणूक आहे. लष्करी तुकड्यांबरोबर शहरातील नामांकित मंडळी, उद्योगपती, पत्रकार, कवी, समीक्षक चालत आहेत, आणि त्यांच्यातच शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्तादही आहे. १९६४ साली कवी गेला तेव्हा नियोगी एकवीस वर्षांचे होते आणि भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून पाचच वर्षे झाली होती. कवितेला भविष्यकथन मानण्याचे कारण नाही. परंतु खुनी हा समाजाबाहेरचा कोणी नसून प्रतिष्ठितांच्या रांगेत, तोही रात्रीच, चालतो, हे कवीला दिसले होते. त्या मिरवणुकीत कवी आणि समीक्षकही आहेत, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावी. दिवसा शस्त्राविरुद्ध लिहिणे सोपे असते; रात्री आपण कोणाच्या शेजारून चालतो आहोत, हे पाहणे अधिक कठीण असते. हुडको वसाहतीतील ती खिडकी उघडी होती, कारण आत झोपलेल्या माणसाला वाऱ्याची गरज होती. ती खिडकी तशीच उघडी ठेवता यावी, एवढीच या साऱ्या विचाराची मागणी आहे.